नवं यंत्र बाजारात आणताना : संशोधकाची कायदेशीर जबाबदारी

कागल येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.

आज इथं फाउंड्रीवाले आहेत, टर्नर-फिटर आहेत, पॉलिटेक्निकची मुलं आहेत, आणि घरामागच्या शेडमध्ये रात्री वेल्डिंग करत बसणारेही आहेत. आपल्या भागात हे नवं नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि आता आपली कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत, सगळीकडे 'हे असं करून बघूया' म्हणणारा एक माणूस असतोच.

अशा माणसाशी बोलायला बसलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'कॉपी झाली तर काय करायचं?' मग पेटंटवर तासभर चर्चा होते. पण दुसरा एक प्रश्न आहे, जो आपणहून फार थोडे लोक विचारतात. 'माझ्या यंत्रात कुणाचा हात गेला तर काय?' आज आम्ही या दुसऱ्या प्रश्नावरच बोलणार आहोत.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवू, म्हणजे गोंधळ होणार नाही. समजा, तुमच्यापैकी एकाने नवी कडबाकुट्टी तयार केली. आपल्याकडे ऊस आहे, म्हणजे जनावरांपुढे उसाचं वाढं येतं. ओलं वाढं साध्या कुट्टीत अडकतं, गुंडाळतं, माणूस ते हाताने ढकलायला जातो आणि रोलर हात आत ओढतो. तुम्ही त्यावर उपाय काढला: एक दांडा, जो छातीने किंवा कोपराने दाबला तरी रोलर उलटे फिरतात. चांगली कल्पना आहे. आता हे यंत्र विकायचं आहे.

पेटंटबद्दल थोडक्यात सांगून पुढे जाऊ. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क, अर्ज केल्याच्या तारखेपासून वीस वर्षांचा. ते यंत्र सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र नाही. यंत्र विकायची परवानगीही नाही. पेटंट कार्यालय बघतं की कल्पना नवी आहे का, उघड सुचण्यासारखी नाही ना, उद्योगात वापरता येते का. पातं किती जवळ आहे हे ते बघत नाही. आणि तुमचा दांडा नवा असला तरी त्याखालचा गिअरबॉक्स दुसऱ्या कुणाच्या पेटंटमध्ये बसत असू शकतो, म्हणून विक्रीआधी शोध घ्या. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट घेता येतो. कृषी प्रदर्शनात यंत्र मांडण्याआधी निदान तात्पुरता अर्ज दाखल करा, कारण आधी लोकांना दाखवलं की नवेपणा गेला असं धरलं जाऊ शकतं. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. एवढं पुरे.

आता मुख्य गोष्ट. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. जुना कायदा १९८६ चा होता. नव्या कायद्यात सहावं प्रकरण पूर्णपणे नवं आहे, कलम ८२ ते ८७. त्याचं नाव उत्पादन दायित्व, म्हणजे आपण ज्याला प्रॉडक्ट लायबिलिटी म्हणतो ते. सहाच कलमं आहेत. प्रत्येक संशोधकाने ती एकदा स्वतः वाचावीत असं आम्हाला मनापासून वाटतं. भाषा अवघड आहे, पण तुम्ही वाचता त्या ड्रॉइंगपेक्षा अवघड नाही.

पहिला प्रश्न: जबाबदार कोण? आपल्याकडे काम कसं चालतं ते तुम्हाला माहीत आहे. कल्पना एकाची, पॅटर्न दुसऱ्याचा, कास्टिंग तिसऱ्याचं, मशीनिंग चौथ्याकडे, जुळणी पाचव्याच्या शेडमध्ये, आणि स्टिकर सहाव्याच्या नावाचा. अपघात झाल्यावर प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. कायद्याने 'उत्पादक' या शब्दाची व्याख्या अशी केली आहे की बोट दाखवायला जागा फार कमी उरते. जो वस्तू किंवा तिचे भाग बनवतो तो उत्पादक. दुसऱ्यांनी बनवलेले भाग जो जुळवतो तोही. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर जो स्वतःचं नाव लावतो तोही. आणि विक्रीआधी जो वस्तूचं डिझाइन करतो, तोही त्याच यादीत आहे.

म्हणजे 'मी फक्त कल्पना दिली, यंत्र त्यांनी बनवलं' हे वाक्य तुम्हाला आपोआप बाहेर काढत नाही. तसंच 'मी फक्त स्टिकर लावून विकतो' हेही नाही.

विक्रेत्याची गोष्ट वेगळी आहे. निपाणीचा डीलर सहसा यातून सुटतो. पण त्याने डिझाइनवर किंवा चाचणीवर मोठं नियंत्रण ठेवलं असेल, यंत्रात बदल केला असेल, स्वतःची वेगळी हमी दिली असेल, जुळणी-तपासणीत हयगय केली असेल, किंवा यंत्र कुणी बनवलं हेच कळत नसेल, तर तोही अडकतो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. बिनानावाचं यंत्र विकणारा डीलर स्वतःच्या अंगावर जबाबदारी ओढून घेतो. हे कळलेला डीलर तुमच्याकडे प्लेट, सीरियल नंबर आणि बिल मागणारच, आणि त्याचं बरोबर आहे.

दुसरा प्रश्न: कशाबद्दल जबाबदार? कलम ८४ मध्ये पाच गोष्टी आहेत. बनवताना राहिलेला दोष. डिझाइनमधला दोष. ठरलेल्या मापापासून ढळलेला माल. दिलेल्या हमीप्रमाणे नसलेला माल. आणि योग्य वापराच्या सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचे इशारे अपुरे असणं.

बनवतानाचा दोष सगळ्यांना पटकन कळतो. फ्लायव्हीलच्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल राहिला, चाक फुटलं, तुकडा उडाला. शंभरातलं एक यंत्र वाईट निघालं. डिझाइनचा दोष मात्र शंभरही यंत्रांत असतो, आणि तो थेट संशोधकाचा असतो. कुट्टीच्या तोंडापासून रोलरपर्यंतचं अंतर हाताच्या लांबीपेक्षा कमी असेल, तर कास्टिंग कितीही सुंदर असो, पातं कितीही चांगल्या पोलादाचं असो, यंत्र सदोष आहे.

मळणी यंत्राचा इतिहास इथं आठवायला हवा. हरितक्रांतीनंतर गव्हाच्या पट्ट्यात छोट्या कारखान्यांनी स्वस्त मळणी यंत्रं भराभर बनवली. बनवणारे आपल्यासारखेच हुशार कारागीर होते. पण घास घालायचं तोंड आखूड आणि उघडं होतं, आणि मजुरांचे हात जाऊ लागले. शेवटी संसदेला १९८३ मध्ये खास कायदा करावा लागला: धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम. त्यात 'धोकादायक यंत्र' म्हणून नाव घेतलं आहे ते पॉवर थ्रेशरचंच, आणि अधिसूचना काढून दुसरी यंत्रंही त्यात घालायची सोय आहे. बनवणाऱ्याला परवाना, यंत्राला मानक आणि जखमी मजुराला भरपाई, असा त्याचा गाभा आहे. भारतीय मानक आयएस ९०२० मध्ये घास घालायच्या तोंडाची किमान लांबी आणि वरून झाकायचा भाग यांची मापं ठरलेली आहेत. कुणीतरी हात मोजून ती मापं काढली आहेत. कुट्टीसाठीही वेगळी मानकं आहेत. यंत्राचं पहिलं ड्रॉइंग काढण्याआधी ती विकत घ्या किंवा बीआयएसच्या संकेतस्थळावर वाचा. मानक पाळलं म्हणजे तुम्ही सुटलात असं नाही. पण मानक असताना ते पाळलं नाही, हे आयोगासमोर समजावून सांगणं महाकठीण आहे.

काही वस्तूंना तर बीआयएसचा शिक्का सक्तीचा असतो आणि त्याविना विकणं हाच गुन्हा. घरगुती प्रेशर कुकर त्यातला. शिक्का नसलेले कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मोठमोठ्या ऑनलाइन कंपन्यांना दंड केला होता आणि विकलेले कुकर परत घ्यायला लावले होते. सक्तीची यादी वाढत राहते. तुमची वस्तू त्यात आहे का, हे विक्रीच्या महिन्यात पुन्हा बघा. तीन वर्षांपूर्वी बघितलेलं चालणार नाही.

तिसरा प्रश्न, आणि इथं आम्ही जरा थांबणार आहोत. 'पण मी काळजी घेतली होती ना?' हे प्रत्येक चांगल्या कारागिराला वाटतं. जुना न्यायही असाच होता. १९३२ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या खटल्यात ठरवलं की बाटलीबंद पेय बनवणाऱ्याने शेवटच्या पिणाऱ्याची काळजी घेतली पाहिजे, जरी त्या बाईने बाटली स्वतः विकत घेतलेली नसली तरी. तक्रार अशी होती की बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली. तिथं प्रश्न निष्काळजीपणाचा होता.

तीस वर्षांनी कॅलिफोर्नियात एक पाऊल पुढे पडलं. ग्रीनमन विरुद्ध युबा पॉवर प्रॉडक्ट्स, १९६३. हा खटला तुम्हाला आवडेल, कारण तो वर्कशॉपचाच आहे. एका गृहस्थाला बायकोने बहुउपयोगी यंत्र भेट दिलं, करवत, ड्रिल, लाकडाचं लेथ असं सगळं एकात. लेथवर काम करताना लाकडाचा ठोकळा सुटून कपाळावर बसला. तज्ज्ञांनी सांगितलं की भाग धरून ठेवणारे सेट स्क्रू अपुरे होते. नेहमीच्या थरथरीने टेलस्टॉक मागे सरकला आणि ठोकळा मोकळा झाला. न्यायालयाने म्हटलं, की खरेदीदार तपासणी न करता वापरणार हे माहीत असताना तुम्ही वस्तू बाजारात सोडलीत, त्यात दोष निघाला आणि माणूस जखमी झाला, तर तुम्ही जबाबदार. निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही. एक सेट स्क्रू, आणि अमेरिकेच्या कायद्याची दिशा बदलली.

आपला कायदाही त्या वाटेवर बराच पुढे आला आहे. तक्रारदाराने दोष दाखवायचा, आणि इजा त्या दोषामुळे झाली हे दाखवायचं. तुम्ही मनात काय विचार केला होता, किती रात्री जागलात, हे त्याने सिद्ध करायचं नाही. हमीच्या बाबतीत तर कलम ८४ स्पष्टच म्हणतं की हमी देताना तुमचा निष्काळजीपणा किंवा फसवणूक नव्हती हे सिद्ध केलंत तरी जबाबदारी राहते.

म्हणून हमीचं बघा. हमी म्हणजे फक्त वॉरंटी कार्ड असं आपण समजतो. कायद्यात वस्तूबद्दलचं प्रत्येक महत्त्वाचं विधान, वचन, वर्णन यात येतं, आणि दाखवलेला नमुनासुद्धा. पत्रकावर तुम्ही छापलंत, 'हात अडकणारच नाही'. झाली हमी. आता दांडा बसवलेला असूनही ओल्या वाढ्यात हात अडकला, तर चर्चा दांड्याच्या दर्जावर होणार नाही, त्या वाक्यावर होईल. प्रदर्शनात मांडलेल्या नमुन्याला जाड पत्र्याचं गार्ड होतं आणि गिऱ्हाइकाला पातळ पत्र्याचं मिळालं, तरी तोच प्रकार. आणि डीलरने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला व्हिडिओ, ज्यात तो गार्ड काढून हाताने वाढं आत सारतोय? तो आजच डिलीट करायला सांगा. मग त्याला तसं लेखी कळवा.

आता संशोधकाच्या बाबतीतली खास गोष्ट सांगतो, जी साध्या कारखानदाराला लागू होत नाही. पेटंटच्या अर्जात तुम्ही काय लिहिता? 'सध्याच्या यंत्रांमध्ये ओला चारा अडकतो आणि तो ढकलताना चालवणाऱ्याचा हात रोलरमध्ये ओढला जातो. प्रस्तुत शोध हा धोका दूर करतो.' असंच लिहावं लागतं, त्याशिवाय शोधाचं महत्त्व कळत नाही. पण हा कागद सार्वजनिक होतो. दोन वर्षांनी तुम्ही स्वस्तातलं मॉडेल काढलंत, दांडा काढून टाकला, दोन-तीन हजारांनी किंमत उतरवली. त्या मॉडेलवर अपघात झाला, तर समोरचा वकील तुमचाच पेटंट अर्ज काढून वाचेल. धोका माहीत होता. उपाय माहीत होता. उपाय परवडण्यासारखा होता, कारण तुम्हीच तो विकत होता. यापेक्षा भक्कम पुरावा त्याला दुसरा कुठे मिळणार?

आमचं मत स्पष्ट आहे: सुरक्षेसाठी काढलेला शोध 'डीलक्स मॉडेल'मध्ये ठेवायचा आणि साध्या मॉडेलमधून काढायचा, हे करू नका. रंग, चाकं, मोटर, काय हवं ते वेगळं ठेवा. हाताजवळचं काही काढू नका.

यावर काही जण उलटा निष्कर्ष काढतात: मग काही लिहूनच ठेवायचं नाही! चाचणीत यंत्र तीनदा अडकलं, वहीत लिहायचं नाही. हे चूक आहे. अडकलं, का अडकलं, काय बदललं, पुन्हा किती तास चालवलं, हे तारखेसह लिहिलेली वही हाच तुमचा बचाव. ज्याच्याकडे कागद नाही त्याने काही तपासलंच नाही असं समोरचा म्हणणार, आणि तुमच्याकडे उत्तर नसणार. धोकादायक आहे ती वही, जिच्यात दोष लिहिला आहे पण पुढची पानं कोरी आहेत.

सूचना आणि इशारे यांच्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. 'सावधान' असा लाल स्टिकर लावला की झालं, असं वाटतं. इशारा डिझाइनची जागा घेत नाही. गार्ड बसवता येण्यासारखं असताना गार्ड न बसवता 'हात घालू नये' लिहिणं म्हणजे पुलाला कठडा न बांधता 'पडू नये' अशी पाटी लावण्यासारखं आहे. आधी धोका काढा. काढता येत नसेल तर झाका. झाकूनही उरलेल्या धोक्याबद्दल लिहा.

लिहायचं कुठल्या भाषेत, हाही प्रश्न आहे. कागलहून कर्नाटकाची हद्द दुचाकीवर काही मिनिटांची. यंत्र निपाणीला जाणार, चिकोडीला जाणार. तिथं कन्नड लागेल. मध्य प्रदेशात गेलं तर हिंदी. आणि कुट्टीसमोर उभा राहणारा गडी वाचणारा असेलच असं नाही, म्हणून चित्र हवं, आणि ते पुस्तिकेत नव्हे तर तोंडाजवळ, धुळीत आणि पाण्यात टिकेल असं.

ओळखता येण्यासारखा, सगळ्यांना माहीत असलेला धोका सांगितला नाही म्हणून जबाबदारी येत नाही, असं कलम ८७ म्हणतं. पातं कापतं हे सांगावं लागत नाही. पण मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील कितीतरी वेळ फिरत राहतं आणि अडकलेलं काढायला हात घातला तर पातं फिरतं, हे नव्या माणसाला कळेलच असं नाही. ते लिहा. त्याच कलमात आणखी सवलती आहेत. मालकाने कामाच्या जागेसाठी यंत्र घेतलं आणि तुम्ही मालकाला नीट सूचना दिल्या होत्या, तर 'इशारा दिला नाही' हा आरोप टिकत नाही. तुम्ही फक्त सुटा भाग विकला, त्याचे इशारे घेणाऱ्याला दिले आणि इजा तयार यंत्रामुळे झाली, तरी तसंच. फाउंड्रीवाल्यांनी हे लक्षात ठेवावं आणि इशारे चलनावर लिहून पोच घ्यावी. वापरणारा दारू प्यायलेला होता, हाही बचाव आहे. मात्र हे सगळे बचाव इशाऱ्याच्या आरोपापुरते आहेत. डिझाइनच्या दोषाला ते लागू पडत नाहीत.

आणि सगळ्यात आवडता बचाव: 'त्याने गार्ड काढून टाकलं होतं!' यंत्राचा गैरवापर झाला असेल किंवा त्यात बदल केला असेल तर दावा लावता येत नाही, असं कायद्यात आहे खरं. पण ते वाक्य नीट वाचा. ती सवलत विक्रेत्याला दिली आहे. उत्पादकाचं नाव त्या वाक्यात नाही. तुम्ही आयोगासमोर जरूर म्हणाल की इजा दोषामुळे नव्हे, गार्ड काढल्यामुळे झाली, आणि ते पटूही शकेल. पण मग विचारतील: गार्ड का काढलं? दर अर्ध्या तासाने अडकलेलं वाढं काढायला आठ बोल्ट सोडावे लागत असतील, तर कुठलाही शेतकरी तिसऱ्या दिवशी गार्ड काढून गोठ्याच्या कोपऱ्यात टाकणार. हे तुम्हाला आधी दिसायला हवं होतं. बिजागरीचं गार्ड, आणि ते उघडलं की मोटर बंद होणारा स्विच, एवढ्याने प्रश्न सुटतो.

चौथा प्रश्न: दावा कोण, कुठे लावणार? ज्याने विकत घेतलं तोच ग्राहक असं नाही. त्याच्या संमतीने वापरणाराही ग्राहक. म्हणजे बिल सासऱ्यांच्या नावावर आणि हात सुनेचा, तरी तक्रार चालते. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू या कायद्यात येत नाही, पण स्वतःच्या पोटासाठी स्वतः राबणारा त्यातून वगळलेला नाही, आणि शेतकरी ग्राहक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने बियाण्यांच्या खटल्यात २०१२ मध्ये सांगितलं आहे. मोठ्या डेअरीने पन्नास यंत्रं घेतली तर ती कदाचित दिवाणी न्यायालयात जाईल. तेवढाच फरक.

तक्रार तक्रारदाराच्या राहत्या किंवा कामाच्या जिल्ह्यातही करता येते. यंत्र विदिशाला गेलं तर नोटीस विदिशाहून येईल आणि तारखेला तिकडे हजेरी लावावी लागेल. कुठल्या पातळीच्या आयोगात जायचं हे भरपाईच्या मागणीवर नव्हे, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यामुळे तुमची कुट्टी कायम तिथेच. पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही, वकील लागतोच असंही नाही. तक्रारदाराचा दरवाजा सोपा आहे, आणि तसाच असायला हवा.

आयोग तक्रारदाराकडून किती अपेक्षा करतो, याचा अंदाज एका निकालावरून येतो. अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत म्हणून ह्युंदाईविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. धडकेचा वेग आणि बल यांचं गणित करून एअरबॅग उघडेल की नाही हे ग्राहकाने ठरवावं, अशी अपेक्षा धरता येत नाही, असा त्याचा आशय. तो निकाल जुन्या कायद्याखालचा होता. नवा कायदा तर त्याहून स्पष्ट आहे.

भरपाईत काय येतं? मृत्यू, इजा, आजार, त्यासोबतचा मानसिक त्रास, दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान. यंत्र स्वतःच मोडलं तर ते उत्पादन दायित्वात येत नाही. त्यासाठी सदोष मालाची साधी तक्रार असते. जाता जाता, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे बिलावर छापून काही साधत नाही. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ते बिलबुक संपवायच्या नादात राहू नका.

आता स्वतःचं घर कसं वाचवायचं. बहुतेक जण सुरुवात एकट्याच्या मालकीच्या फर्मने करतात. तिथं फर्म आणि माणूस एकच. दावा झाला तर घर, शेत, बायकोसोबतचं खातं, सगळं पणाला. एलएलपी किंवा कंपनी काढली की धंद्याची देणी साधारणपणे धंद्यापुरती राहतात. पण स्वतः केलेल्या हयगयीची जबाबदारी कंपनीच्या आड पूर्ण लपत नाही. आणि कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद. तिथं ना कंपनी आड येते, ना विमा.

विमा मात्र घ्याच. उत्पादन दायित्वाचा विमा मिळतो. हप्ता उलाढाल, मालाचा प्रकार आणि विक्रीचा प्रदेश यांवर ठरतो. एजंटला तीन गोष्टी विचारा. दावा कधी आलेला धरतात, कारण बऱ्याच पॉलिसी त्या वर्षात आलेल्या दाव्यांनाच लागू होतात आणि मध्ये एक वर्ष खंड पडला की जुनी यंत्रं उघडी पडतात. स्वतःच्या खिशातून पहिली रक्कम किती भरायची. आणि वकिलाचा खर्च मर्यादेच्या आत की बाहेर. प्रस्तावात आधीचा अपघात लपवला तर पॉलिसीचा कागद रद्दीत घाला.

आता तुमच्याकडून आलेल्या चिठ्ठ्या. वेळेअभावी दोनच घेतो.

पहिली: 'मी स्वतः बनवणार नाही. पेटंटचा परवाना एका कारखान्याला देणार. मग माझी जबाबदारी संपली ना?' संपली नाही, कमी करता येते. डिझाइन करणारा व्याख्येत आहे, हे आपण बघितलं. म्हणून करारात चार कलमं हवीत. कारखाना ड्रॉइंगमधलं कुठलंही सुरक्षेचं माप तुमच्या लेखी संमतीविना बदलणार नाही. बनवण्यातल्या दोषामुळे तुमच्यावर दावा आला तर कारखाना तुमचं नुकसान भरून देईल. करार कायद्याच्या कलम १२४ मध्ये अशा हमीची सोय आहे. कारखान्याच्या विमा पॉलिसीत तुमचंही नाव असेल. आणि प्रत्येक यंत्रावर कारखान्याचं नाव, महिना आणि क्रमांक कोरलेला असेल. एक लक्षात घ्या: असा करार तुमच्या दोघांत चालतो. जखमी माणसाला तो दाखवून परत पाठवता येत नाही. तो तुमच्याविरुद्ध निकाल मिळवेल, मग तुम्ही कारखान्याकडून वसूल करायचं, आणि कारखाना तोवर बंद पडला असेल तर विम्याचं कलम किती महत्त्वाचं होतं ते कळेल.

दुसरी चिठ्ठी जास्त प्रामाणिक आहे. लिहिलं आहे, 'चाळीस यंत्रं आधीच विकली. रिव्हर्सच्या दांड्याची पिन झिजते असं आता कळलं. काय करू?'

आज रात्री यादी काढा. बिलं, डीलरच्या वह्या, फोनमधले नंबर, जे असेल त्यातून. प्रत्येकाला फोन करा, आणि फोननंतर लेखी संदेश पाठवा: पिन बदलेपर्यंत यंत्र चालवू नका. पिन फुकट द्या, शक्यतो स्वतः जाऊन बसवा, जुनी पिन परत आणा आणि यंत्र क्रमांकासह ठेवा. बसवल्याची सही घ्या. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांच्यासाठी डीलरच्या दुकानात मराठीत आणि कन्नडमध्ये सूचना लावा आणि तिचा फोटो ठेवा. विमा असेल तर कंपनीला आधी कळवा. 'कळवलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल' या भीतीने गप्प बसू नका. तक्रारीची दोन वर्षांची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात, आणि इजेच्या बाबतीत ते कारण बहुधा अपघाताच्या दिवशी घडतं. विक्रीला सहा वर्षं झालेलं यंत्रही उद्या अपघात करू शकतं, आणि तेव्हा पहिला प्रश्न असेल, पिन झिजते हे तुम्हाला कधी कळलं आणि त्यानंतर तुम्ही काय केलं. चाळीस यंत्रं आहेत. आठवड्यात होतात.